कोच गेला, दोन पोरं जखमी: कॉलेजची कुस्ती टीम नक्की कशाने खाली येते?

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुतण्या अमेरिकेत मिडवेस्टला शिकतो, कॉलेजच्या कुस्ती टीमच्या नादाला लागलाय, टीम गेल्या मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या दहात होती, उन्हाळ्यात हेड कोच दुसरीकडे गेला आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच दोन मुख्य पैलवान गुडघ्याने बाहेर बसले. तर ही टीम आता संपली का, आणि कोच जाणं वाईट की दुखापती वाईट?

मी मूळचा सांगलीकडचा, फिजिओथेरपी करून इकडे आलो आणि १३ सीझन कॉलेजच्या कुस्ती टीमबरोबर ॲथलेटिक ट्रेनर म्हणून काढलेत, म्हणजे मॅटच्या कडेला बॅग घेऊन बसलेला जो माणूस दिसतो तो मी. या काळात तीन हेड कोच बघितले आणि गुडघे किती बघितले त्याचा हिशोब नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. दुखापत तुमचा एक मार्च खाते, कोच बदलल्याचा परिणाम मात्र दोन-तीन वर्षांनी कळतो, म्हणून लोकांना दुखापत मोठी वाटते. पण इतकी वर्षं आत बसून मला जे दिसलं ते असं की या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच. जखमी पोराला लढवायचं की बसवायचं हा निर्णय कागदावर डॉक्टरचा असला तरी पोराने डॉक्टरपर्यंत यायचं की नाही हे कोचवर ठरतं, आणि कोच काय करतो हे त्याची खुर्ची किती पक्की आहे त्यावर ठरतं. बाकी सगळं यातून निघतं.

आता आकडे सांगतो म्हणजे एक पोरगं किती जड असतं ते कळेल. इथे कॉलेजमध्ये १० वजनगट, १२५ पौंडांपासून २८५ पर्यंत, प्रत्येक गटात प्रत्येक कॉलेजचा एकच पैलवान. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत गटात ३३ जण असतात, पहिल्या आठात आला की ऑल-अमेरिकन. पहिल्याला १६ पॉईंट, दुसऱ्याला १२, मग १०, ९, ७, ६, ४, ३. वर मुख्य ड्रॉमध्ये प्रत्येक फेरी पुढे गेलं की एक पॉईंट, आणि चितपट केली तर २, टेक्निकल फॉलला (मोठी आघाडी झाली म्हणून कुस्ती थांबवली तर) दीड, मेजरला (त्याहून कमी, पण मोठ्या फरकाने जिंकली तर) १ असा बोनस. म्हणजे एक चॅम्पियन टीमला २० पॉईंट तर देतोच, आणि चितपट करणारा असेल तर २५ च्याही पुढे. आता हे लक्षात ठेवा की अख्खी चॅम्पियनशिप कित्येकदा आठ-दहा-पंधरा पॉईंटांनी ठरते.

२०१८ चं घ्या, क्लीव्हलंडला स्पर्धा होती. पेन स्टेट १४१.५, ओहायो स्टेट १३३.५. आठ पॉईंटांचा फरक. पेन स्टेटचा १५७ पौंडाचा जेसन नोल्फ, त्या गटातला सगळ्यात भारी पैलवान, जानेवारीत रटगर्सविरुद्ध गुडघा दुखावून बसला होता. मार्चच्या सुरुवातीला बिग टेन या कॉलेज लीगची स्पर्धा ओहायो स्टेटने मारली, आणि दोन आठवड्यांनी राष्ट्रीयला नोल्फ परत येऊन चॅम्पियन झाला. सगळ्यांच्या लक्षात बो निकलने मायल्स मार्टिनला १८४ च्या फायनलला चीत केलं तेच राहिलंय, आणि ते बरोबरच आहे, निकाल तिथेच लागला. पण नोल्फचे वीसच्या वरचे पॉईंट काढून बघा, ती ट्रॉफी कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी गेली असती. म्हणजे एका पोराच्या एका गुडघ्यावर, आणि त्या गुडघ्याला दोन महिने नीट वेळ देणाऱ्या माणसांवर, सगळं उभं होतं.

याच्या उलट २०१७. तीच पेन स्टेट, १२५ पौंडाचा निक सुरियानो हा पहिल्या वर्षाचा पोरगा, फेब्रुवारीत ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध घोट्याला लागलं आणि त्याचा मार्च गेला. त्या गटात टीमला शून्य. तरी टीम जिंकली, कारण १४९ ते १८४ असे सलग पाच गट त्यांनी जिंकले, रेदरफोर्ड, नोल्फ, जोसेफ, हॉल, निकल. खड्डा पडला पण आजूबाजूला पाच डोंगर होते. हे भाग्य वर्षाला एखाद्या टीमला असतं, बाकीच्यांना एक खड्डा पडला की आठवा नंबर विसावा होतो. तुमच्या पुतण्याच्या टीमचे तर दोन गेलेत, त्यामुळे यंदाच्या मार्चकडून फार अपेक्षा ठेवू नका हे मी आधीच सांगून टाकतो.

आता कोच. इथे सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट २००९ ची. केल सँडरसन, कॉलेजमध्ये १५९ पैकी १५९ कुस्त्या जिंकलेला, २००४ ला अथेन्सला ऑलिम्पिक गोल्ड, तो आयोवा स्टेटचा, म्हणजे स्वतःच्याच कॉलेजचा कोच होता आणि एकदम पेन स्टेटला गेला. पेन स्टेट तेव्हा फार मोठं नाव नव्हतं, त्यांची एकमेव टीम चॅम्पियनशिप १९५३ ची. आणि २०१० ला काय झालं बघा, आयोवा स्टेट केलशिवाय तिसरी आली, दोन चॅम्पियन काढले, जेक व्हार्नर आणि डेव्हिड झब्रिस्की. पेन स्टेट नववी. त्या मार्चमध्ये कोणीही म्हणालं असतं की बघा, कोच गेल्याने काही बिघडत नाही! पण ती पोरं जुन्या कोचने घडवलेली होती, पेरलं एकाने आणि सुगी दुसऱ्याच्या नावावर लागली. २०११ ला पेन स्टेट पहिली आली आणि २०२५ पर्यंत १२ वेळा जिंकली. आयोवा स्टेटला परत पहिल्या चारात यायला २०२४ उजाडलं, तेही २०१७ ला आलेल्या केव्हिन ड्रेसरने सात वर्षं घासून.

म्हणून कोच बदलल्यानंतरचा पहिला सीझन बघून मत बनवू नका. चांगला गेला तरी नाही आणि वाईट गेला तरी नाही.

मात्र एक गोष्ट आता बदललीय. पूर्वी कोचच्या मागे जायचं म्हणजे पोराला किंमत मोजावी लागायची. २००६ ला टॉम ब्रँड्स व्हर्जिनिया टेक सोडून आयोवाला गेला, ब्रेंट मेटकाफ, जे बोरशेल आणि आणखी तिघं त्याच्या मागे गेली, जुन्या कॉलेजने त्यांना मोकळं केलं नाही आणि त्यांचं अख्खं वर्ष बुडालं. वर्ष बाहेर काढून ती पोरं आली आणि आयोवा २००८, २००९, २०१० अशी लागोपाठ तीन वेळा जिंकली. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या पोरांची अधिकृत यादी, कोच बदलला की पोरांना निघायची वेगळी मुदत मिळते आणि दुसऱ्या कॉलेजात लगेच लढता येतं. आपल्याकडे वस्ताद दुसरीकडे गेला की निम्मी तालीम त्याच्या मागे जाते ना, तसंच. ओक्लाहोमा स्टेटला जॉन स्मिथ ३३ वर्षं कोच होता, २०२४ ला थांबला, डेव्हिड टेलर आला आणि टीम एका वर्षात दहाव्यावरून तिसऱ्या नंबरला, त्यात चॅम्पियन झालेले दोघेही, वायट हेंड्रिक्सन आणि डीन हमिटी, दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. हेंड्रिक्सनने तर फायनलला ऑलिम्पिक गोल्डवाल्या गेबल स्टीव्हसनला ५-४ ने हरवलं, मी घरी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. तर सुगी आता लवकर येऊ शकते, पण ती विकत आणलेली असते, आणि तुमच्या पुतण्याचं कॉलेज त्या पैशाच्या आणि नावाच्या रांगेत कितवं आहे हे बघावं लागेल.

आता माझ्या कामाचा भाग.

हेड कोच एकटा जात नाही. त्याच्याबरोबर दोन असिस्टंट जातात आणि क्लबचे सिनियर पैलवान जातात, म्हणजे कॉलेज संपवून ऑलिम्पिकची तयारी करणारी जी पोरं कॉलेजला लागून असलेल्या क्लबात राहतात ती. बाहेरच्यांना वाटतं तीन-चार माणसं कमी झाली, त्यात काय. अहो, ती तुमच्या पोरांचे जोडीदार होती! १९७ पौंडाच्या चांगल्या पोराला रोज जोड कोण देणार? सिनियर गेला की तो २८५ वाल्या अंगाखाली जातो नाहीतर १८४ वाल्या बारक्यावर पडतो, आणि दोन्हीत गुडघे आणि खांदे जातात. तालमीत वस्ताद जोड लावताना वजन, वय, दमसास सगळं बघून लावतो, ते उगाच नाही. कोच बदलल्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माझ्या टेबलावर गर्दी वाढते हे मी दोन्ही वेळा अनुभवलं आणि त्याचं मोठं कारण हे जोडीचं गणित आहे. दुसरं कारण नवीन मेहनत. नवा कोच येतो, बरोबर नवा स्ट्रेंथ कोच येतो, पहिल्याच आठवड्यात पोरांना दाखवायचं असतं की आता दिवस बदललेत, आणि उन्हाळा आरामात काढलेल्या शरीरावर एकदम दुप्पट लोड पडतो. हॅमस्ट्रिंग, कंबर, पोटरी. हे टाळता येतं, तीन आठवडे हळू चढवलं तर, पण नव्या माणसाला धीर नसतो.

आणि तिसरं म्हणजे वजन, याबद्दल कोणी बोलत नाही. दुखापतीमुळे पोराचा पाय आधाराच्या बूटमध्ये असला की पळणं बंद, वजन चढतं. १४९ वाला जानेवारीत बरा होतो तेव्हा १६० वर असतो आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायला नियम परवानगी देत नाही. हे नियम १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवान दगावले त्यानंतर कडक झाले, रबर सूट आणि सॉना बंद, लघवीची तपासणी करूनच किमान वजन ठरवायचं. मी या नियमांच्या बाजूने शंभर टक्के आहे आणि कोणी कोच कुरकुरला तरी सही करत नाही. पण परिणाम असा होतो की तो पोरगा १५७ ला ढकलला जातो, तिथला १६५ ला, आणि एका घोट्यामुळे तीन गट विस्कटतात. रिझल्ट बघणाऱ्याला वाटतं टीमचा फॉर्म गेला.

आता मी जे सुरुवातीला म्हणालो, खुर्ची. २०१५ ला पेन स्टेटने मुद्दाम एक मार्च सोडून दिला. डेव्हिड टेलर (वर आला तोच, तेव्हा पैलवान) आणि एड रुथ हे दोन भारी पैलवान आधीच्या वर्षी कॉलेज संपवून गेले होते, तर सँडरसनने रेदरफोर्ड आणि निको मेगालुडिस या दोघांना रेडशर्ट करून बसवलं. रेडशर्ट म्हणजे पाच वर्षांत चारच सीझन लढता येतात, तर एक वर्ष न लढता फक्त मेहनत करायची. त्या वर्षी ओहायो स्टेट जिंकली, आणि २०१६ ला तेच दोघं परत येऊन चॅम्पियन झाले आणि टीमही पहिली. सलग चार ट्रॉफ्या मारलेल्या माणसालाच हे परवडतं. नव्या कोचला पहिल्या वर्षी कोण हे करू देणार? ॲथलेटिक डायरेक्टर म्हणजे कॉलेजचा क्रीडाप्रमुख विचारतो, माजी विद्यार्थी विचारतात, नव्याने घ्यायच्या पोरांचे आईबाप विचारतात, मग ८० टक्के बरा झालेला पोरगा फेब्रुवारीत मॅटवर दिसतो. तसंच मेडिकल रेडशर्टचं, म्हणजे दुखापतीत गेलेलं वर्ष परत मिळण्याचं आहे, ते मिळवायचं तर दुखापत सीझनच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी आणि एकूण स्पर्धांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त लढलेला नको. "अजून दोन कुस्त्या बघू" म्हणत ती रेघ ओलांडली की वर्षही गेलं आणि गुडघाही. डिसेंबरच्या त्या दोन आठवड्यांत मी कोचच्या ऑफिसमध्ये जितका बसतो तितका वर्षभर बसत नाही.

इथे स्पेन्सर लीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०२१, सेंट लुईस, आयोवा १२९ आणि पेन स्टेट ११३.५, २०१० नंतर ११ वर्षं वाट बघणाऱ्या ब्रँड्सची ती ट्रॉफी, आणि १२५ पौंडातून लीने तिसरं टायटल मारलं. फायनलनंतर मुलाखतीत तो म्हणाला की दोन्ही गुडघ्यांचे एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारे लिगामेंट, गेलेले असताना लढलो. लोक रडले, मीही भारावलो. पॉईंटचा फरक बघा, साडेपंधरा, म्हणजे तो बसला असता तर ट्रॉफी गेली असती. पुढच्या सीझनला तो तीन कुस्त्या लढला आणि दोन्ही गुडघ्यांची सर्जरी करून बाहेर बसला, आयोवा तिसरी. २०२३ ला सेमीफायनलला परड्यूच्या मॅट रामोसने शेवटच्या सेकंदांत त्याला चीत केलं. पुढे २०२४ ला पॅरिसला त्याने सिल्व्हर आणलं, म्हणजे पोरगं लोखंडाचं आहे यात शंका नाही. पण माझ्याकडे दरवर्षी एकोणीस वर्षांचा कोणीतरी येतो आणि म्हणतो, "स्पेन्सर ली लढला ना, मग मी का नाही." त्याला मला समजवावं लागतं की लीच्या मांड्यांची ताकद, त्याचा डाव, पहिल्याच मिनिटात कुस्ती संपवायची त्याची सवय हे सगळं वेगळं होतं, तुला सात मिनिटं खाली-वर करायचंय आणि एसीएल नसताना पट काढायला गेलास तर मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादीही जाईल. उलट उदाहरण कार्टर स्टारोचीचं. २०२४ च्या फेब्रुवारीत पाय दुखावला, बिग टेनला तो खऱ्या अर्थाने लढलाच नाही, त्यामुळे राष्ट्रीयला चार वेळचा होऊ घातलेला चॅम्पियन चक्क नववा सीड (मानांकन) म्हणून उतरला, आणि जिंकला. सीड गेलं तरी चालेल पण पोराला विश्रांती, हे म्हणायला कोचचं काळीज लागतं आणि वर म्हटलं तसं खुर्ची लागते.

एक माझ्या अनुभवातलं. आमच्याकडे कोच बदलला त्या वर्षी एक शांत, कामसू पोरगा होता, जागेसाठी दोघांत चुरस, नव्या कोचने सगळ्या जागा परत लढून ठरवायचं जाहीर केलेलं. त्याने बरगडीचं दुखणं माझ्यापासून सहा आठवडे लपवलं. रोज टेप मागायचा, मी विचारायचो "काही आहे का", तो म्हणायचा "नाही", आणि मी पुढच्याकडे वळायचो कारण रांग असायची. शेवटी त्याने दुखणं वाचवायला अंग एका बाजूला टाकायला सुरुवात केली आणि खांद्याचं लॅब्रम, म्हणजे सांध्याच्या खोबणीची कडा, फाटलं. सर्जरी झाली, तो परत कधीच पहिल्यासारखा लढला नाही. मी चुकलो होतो. टेप मागणारा पोरगा रोज टेप का मागतोय हे मी थांबून बघायला हवं होतं. त्यानंतर मी "दुखतंय का" विचारणं बंद केलं, आता विचारतो "आज झोपताना कुठल्या कुशीवर झोपलास", "कुठला डाव टाळतोयस". पोरं त्याची खरी उत्तरं देतात. आणि नवा कोच आला की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून सगळ्या टीमसमोर एक वाक्य वदवून घेतो, की ट्रेनिंग रूममध्ये, म्हणजे माझ्याकडे उपचाराला, गेल्याने कोणाची जागा जाणार नाही. तिसऱ्या कोचने ते स्वतःहून म्हटलं आणि त्याच वर्षी आमच्याकडे तक्रारी वाढल्या आणि सर्जऱ्या कमी झाल्या. तक्रारी वाढल्या हे बघून ऑफिसमधले घाबरले होते, मी त्यांना म्हटलं हेच पाहिजे होतं.

तर तुमच्या पुतण्याला काय सांगाल. टीम संपलेली नाही, पण मार्चचा निकाल यंदा बघूच नका. नोव्हेंबरमधल्या घरच्या पहिल्या ड्युअलला, म्हणजे दोन कॉलेजांच्या सामन्याला, जा म्हणावं आणि दोन ठिकाणी नजर ठेव. एक, मॅटच्या कोपऱ्यातल्या कोच लोकांच्या खुर्च्या, तिथे जुन्या असिस्टंटपैकी कोणी उरलाय का, कारण एक जरी उरला असेल तर पोरांना ओळखणारं कोणीतरी आहे. दुसरं, त्या दोन जखमींच्या जागी कोण लढतंय, आणि हरला तरी शेवटच्या मिनिटाला उभा राहून पट काढायला जातोय की खाली पडून घड्याळ बघतोय. बदली पोरगं तिसऱ्या मिनिटालाच दमलं असेल तर त्याला सरावात जोड मिळत नाहीये समजा. आणि ते दोन गुडघेवाले बेंचवर बसलेले दिसतील, ट्रॅकसूटमध्ये. जानेवारीत त्यांना सिंगलेटमध्ये म्हणजे कुस्तीच्या पोशाखात बघितलंत तर मला कळवा, एसीएल असेल तर साधारण नऊ महिने लागतात आणि दुखापत सीझनच्या तोंडावरची आहे, तिथून मोजलं तर जूनच्या आधी मी त्यांना मॅटवर पाऊल ठेवू देणार नाही.